देव आपल्यावर खूश आहे का, हे कळायचं कसं?

सलाम मंडळी. या वेळी आलेली पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज एकत्र वाचले तर निम्म्यांचा सूर एकच, देवाला संतोष होईल असं जगायचं म्हणजे नक्की करायचं काय. उपदेशात हा विषय इतक्यांदा येतो की कान तयार झालेत, पण सोमवारी सकाळी त्याचं काय करायचं हे फारसं कोणी सांगत नाही. पाच पत्रं घेतलीत. नावं कोणाचीच छापत नाही, ओळख पटेल असा तपशीलही थोडा इकडेतिकडे केलाय.

प्रश्न : ताई, मी नेवासा तालुक्यातला, शेती करतो. दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, चर्चला देतो, शुक्रवारी उपास धरतो, कॉटेज प्रेयर म्हणजे घरोघरची प्रार्थना चुकवत नाही. तरी दोन वर्षं झाली नुसता मार खातोय, कांद्याला भाव नाही, वरून बीपी निघालं. एका कन्व्हेन्शनला बाहेरचे प्रचारक आले होते, ते म्हणाले तुझ्या घरावर देव नाराज आहे, विश्वासाने बी पेर, म्हणजे अर्पण दे. मी पाच हजार अर्पण दिलं, कांदा काढणाऱ्या बायांचे पैसे द्यायचे होते त्यातूनच दिले, त्यांचे थोडे राहिलेत ते देईन पुढं. पण मनाला अजून शांती नाही. देव खूश झाला की नाही हे कळणार कसं?

उत्तर : दादा, आधी कांद्याचं बोलू. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने निर्यात बंद केली तेव्हा लासलगावपासून तुमच्या घोडेगावच्या मार्केटपर्यंत भाव कोसळला, आणि तो कोणाचा दशांश भरलाय हे बघून कोसळला नाही. तुमच्या बांधाला बांध लावून ज्याचं रान आहे त्याचाही कांदा त्याच भावाने गेला, मग तो मारुतीला नारळ फोडणारा असो नाहीतर नमाज पढणारा. प्रभू स्वतः सांगतो की बाप आपला सूर्य वाइटांवर आणि चांगल्यांवर सारखाच उगवतो आणि पाऊसही दोघांवर पाडतो. बीपीचंही तसंच. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणूस दिसल्यावर शिष्यांनी पहिला प्रश्न काय विचारला, तर पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं, आणि येशूने दोन्हीला नाही म्हटलं. म्हणजे हा प्रचारक जे बोलला ते शिष्य आधीच बोलून चुकलेत, आणि उत्तर पण मिळालेलं आहे. बीपीची गोळी तेवढी रोज घ्या, ती घेतल्याने विश्वास कमी होत नाही.

आता शांतीचं. तुमच्या पत्रात मी हे करतो, मी ते करतो, मी चुकवत नाही, असं बरंच आलंय, तुम्ही वाईट अर्थाने लिहिलं नाही हे कळतंय मला, पण लूकच्या अठराव्या अध्यायातला परूशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारा, मंदिरात उभा राहून जवळजवळ हीच यादी वाचतो, आठवड्यातून दोनदा उपास, सगळ्या उत्पन्नाचा दशांश. आणि तो जकातदार, लोकांच्या नजरेत पापी, वर बघायचीसुद्धा हिंमत न करणारा, तो नीतिमान ठरून घरी जातो. आपल्याला देव म्हणजे तालुक्याचा साहेब वाटतो, फाईल पुढं सरकवायची तर काहीतरी ठेवावं लागणार. पण येशूचा बाप्तिस्मा आठवा. आकाशातून वाणी झाली की हा माझा प्रिय पुत्र, याच्याविषयी मी संतुष्ट आहे. तोवर येशूने एक उपदेश केला नव्हता, एक आजारी बरा केला नव्हता, काम अजून सुरूच व्हायचं होतं. आपण येशूसारखे निष्पाप नाही हे खरं, पण आपल्याला त्याच्यात धरून स्वीकारलंय हीच तर सुवार्ता. आधी स्वीकार, मग काम. आपण हे उलटं करून बसतो आणि मग आयुष्यभर धाप लागते.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मला यासाठी फार जवळचं वाटतं. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, बाई केवढ्या विद्वान, शास्त्रं मुखोद्गत, आणि तरी नंतर त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की कितीतरी वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता. धर्म सगळा पाळून होत होता आणि आत पोकळ. ख्रिस्तच हवा हे पुढं उमगलं, आणि मग १८९६ च्या दुष्काळात ही बाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आली, केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं, शेती, विणकाम, छापखाना. आता बघा, देवाला खूश करायला म्हणून मुली आणल्या असत्या तर दहा-वीस आणून थांबल्या असत्या. त्यांनी शेकडो आणल्या.

आणि दादा, एक गोष्ट स्पष्ट बोलते, राग मानू नका. त्या बायांचे पैसे. पत्रात तुम्ही ते जाताजाता लिहिलंय, मला मात्र सगळ्या पत्रात तेच मोठं दिसलं. बायबलातल्या अनुवाद या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात सांगितलंय की मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत दे कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो, नाहीतर तो परमेश्वराकडे गाऱ्हाणं करील. याकोब तर पुढं जाऊन म्हणतो की शेत कापणाऱ्यांची तुम्ही अडकवून ठेवलेली मजुरीच ओरडतेय आणि कापणी करणाऱ्यांचा आक्रोश सेनाधीश परमेश्वराच्या कानापर्यंत गेलाय. त्या बाया उन्हात वाकून कांदा काटतात, बोटांना चिरा पडतात, डोळे दिवसभर झोंबतात, आणि त्यांचे पाचशे-सातशे तुम्ही मंडपात नेऊन ठेवले. ते अर्पण तुमचं नव्हतंच. उसनवारी करून का होईना, या आठवड्यात त्यांचा हिशोब मिटवा. त्यांच्या दारात जाऊन द्या, निरोप पाठवून बोलवू नका.

प्रश्न : हॅलो ताई, मी भोसरीत एका छोट्या कंपनीत अकाउंट्सला आहे. सर माणूस म्हणून चांगले आहेत, नाताळला सुट्टी देतात, पण माल न येता परचेस बिलं घ्यायची आणि जीएसटीचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या कराची वजावट, घ्यायचं हे सर्रास चालतं, एंट्री मला करावी लागते. मी बोलले तर म्हणाले मार्केटमध्ये सगळे हेच करतात. घरी पप्पा रिटायर, भावाचं शिक्षण, माझ्याच पगारावर चाललंय. आमच्या युथ लीडरला विचारलं तर तो म्हणाला ताबडतोब रिझाइन कर, देव बघून घेईल. मी काय करू?

उत्तर : युथ लीडरच्या घरचा हप्ता कोण भरतं ते विचारलंस का? चेष्टा बाजूला. तुला टोचतंय ही चांगली गोष्ट आहे, सवय होऊन टोचायचं थांबतं तेव्हा काळजी करायची.

एक तर हे पाप की नाही यावर घोळ नको, आहेच. दुसरं म्हणजे हा गुन्हा आहे आणि साधासुधा नाही, माल न येता बिल दाखवून क्रेडिट घेणं यात रक्कम पाच कोटींच्या वर गेली तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. उद्या अधिकारी आले की टॅलीत युजर कोणाचा, ई-वे बिल का नाही, गाडीचा नंबर कुठंय, हे प्रश्न आधी तुला विचारतील, सरांना नाही. "सगळे करतात" हे तिथं चालत नाही.

पण उद्याच राजीनामा फेक असं मी सांगणार नाही. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार गेले, आम्ही काय करावं म्हणून, तर तो नोकरी सोडा म्हणाला नाही, ठरलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका एवढंच म्हणाला. शिपायांनाही तेच, दमदाटी करून पैसे उकळू नका, पगारात भागवा. आणि दानीएल बघ, परक्या राजाच्या नोकरीत होता, राजाच्या ताटातलं खायचं नव्हतं, तर त्याने आरडाओरडा केला नाही, उपोषण केलं नाही, अधिकाऱ्याला विनंती केली की दहा दिवस आम्हाला डाळ-भाजी आणि पाणी देऊन बघा आणि मग ठरवा. नकारासोबत पर्याय दिला. मला हा दानीएल सिंहाच्या गुहेतल्या दानीएलपेक्षा जास्त उपयोगी वाटतो, कारण गुहेत जायची वेळ आपल्यावर येत नाही, ऑफिसात मात्र रोज जायचंय.

म्हणून सरांशी एकटीने बोल, सगळ्या स्टाफसमोर नको. सांग की सर, ज्या बिलाला माल आणि गाडीचा कागद नाही ती एंट्री माझ्या हातून होणार नाही, बाकी कामात मी कुठं कमी पडणार नाही, आणि सीएंना बसवून क्रेडिट कायदेशीर मार्गाने कुठं वाचतंय ते बघू. नंतर हेच दोन ओळींत मेलवर टाक, म्हणजे नोंद राहील. तुझा पासवर्ड कोणालाही द्यायचा नाही, "मीच टाकतो तुझ्या लॉगिनने" म्हणाले तरी नाही. आणि आजपासून दुसरीकडे अर्ज टाकायला लाग, कारण ते ऐकतील याची खात्री मला नाही, तू देवाला धरून राहिलीस म्हणून बॉस सुधारेलच असं शास्त्रात कुठं लिहिलेलं नाही. मधल्या काळात नोकरी गेलीच तर मंडळीने तुझ्या घरी दोन-तीन महिन्यांचं रेशन भरायला पाहिजे. त्या युथ लीडरला म्हणावं, ती यादी तू कर.

फोनवर "साहेब नाहीत" सांगावं लागतं असंही तू खाली लिहिलंयस. "साहेब आत्ता बोलू शकत नाहीत" म्हण, ते खरंच असतं.

प्रश्न : आमचे मिस्टर लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या काळात, मटण, अंडी, चहा सगळं सोडतात. पण त्या चाळीस दिवसांत इतके चिडतात की मुलं म्हणतात पप्पा प्लीज मटण खा. असा उपास देवाला आवडतो का?

उत्तर : नाही. यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय त्यांना वाचायला द्या, तिथं लोक उपास करतात आणि उपासाच्याच दिवशी भांडतात, ठोसे लगावतात, चाकरांना राबवतात आणि वर देवाला विचारतात की आम्ही उपास केला तरी तू बघत का नाहीस. अगदी तुमच्याच घरचं वाटेल. बाकी त्यांना हेही सांगा की चाळीस दिवस मोजताना रविवार धरत नाहीत, रविवारी चहा प्यायला हरकत नाही. निदान आठवड्यातून एक दिवस तरी घर शांत राहील.

प्रश्न : मी जालन्याची, पुण्यात इंजिनियरिंगला, हॉस्टेलवर असते. रूममेट्स गणपती बसवतात आणि प्रसादाचा मोदक देतात. मम्मीला कळलं तर ती म्हणाली खाल्लास तर देवाला दुःख होईल, व्हॉट्सअ‍ॅपवर पण कायकाय व्हिडिओ पाठवते. नाही म्हटलं तर मैत्रिणींना वाईट वाटतं. तुम्हीच सांगा.

उत्तर : बाळा, हा प्रश्न आपल्या मंडळ्यांत मिटलेला नाही आणि माझ्या उत्तराने मिटणारही नाही, पण प्रेषित पौलापुढं हाच प्रश्न करिंथ शहरातल्या मंडळीत आला होता. तिथं मूर्तीपुढं वाहिलेलं मांस सरळ बाजारात विकायला यायचं, मग ख्रिस्ती माणसाने जेवायला गेल्यावर काय करायचं. पौल म्हणतो बाजारात मिळतं ते चौकशी न करता खा, पृथ्वी आणि तिच्यावरचं सगळं प्रभूचं आहे. कोणी जेवायला बोलावलं तर पुढं वाढलेलं खा. पण कोणी मुद्दाम सांगितलं की हे वाहिलेलं आहे, तर सांगणाऱ्यासाठी खाऊ नको. आणि पूजेतच भागीदार होणं वेगळं, ते नाही, प्रभूचा प्याला आणि दुसरा प्याला दोन्ही एकदम चालत नाहीत हेही तोच त्याच अध्यायात सांगतो. म्हणजे दोन्ही बाजूंना वचन सापडतं, म्हणून तर घरोघरी भांडणं.

माझं मत विचारशील तर आरतीला उभं राहायचं नाही, प्रसाद म्हणून हातावर ठेवला तर हसून "मी घेत नाही गं, पण थँक्यू" म्हणायचं, आणि मंडपाच्या दिव्यांच्या माळा लावायला, रांगोळीला, रात्री भांडी घासायला पहिली हजर राहायचं. मैत्रिणींना मोदकाच्या नकाराचं वाईट वाटत नाही, तोंड वाकडं करून दिलेल्या नकाराचं वाटतं. नाताळला तुझ्या घरून डबाभर करंज्या आणि चकल्या येतात तेव्हा त्या मुली खातातच ना, कशावर प्रार्थना केलीय हे न विचारता.

पण तुझ्याच वर्गात एखादा ख्रिस्ती मुलगा मोदक खात असेल तर त्याच्यावर व्हिडिओ फॉरवर्ड करू नकोस. रोमकरांस पत्रात चौदावा अध्याय सगळा यावरच आहे, खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याचा न्याय करू नये. मम्मीला हे पण सांग की आपण दर रविवारी ज्या ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं पेटी-तबल्यावर म्हणतो, ते म्हणायचे की आपण ख्रिस्ताकडे तुकोबांच्या पुलावरून आलो. शेजारच्यांच्या भक्तीकडे बघून नाक मुरडणारा माणूस हे बोलला नसता.

प्रश्न : बाई, सलाम. मी श्रीरामपूरकडची, वय सत्तरच्या वर. मिस्टर मिशनच्या शाळेत शिपाई होते, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा पुण्याकडे असतो, मंडळीत सेक्रेटरी आहे, सगळे त्याला देवमाणूस म्हणतात. चर्चच्या नव्या इमारतीला त्याने एक लाख कबूल केले, उपासनेत नाव वाचून दाखवलं, मला सुनेने फोनवर सांगितलं. मला बीपी-शुगरच्या गोळ्यांना महिन्याला पंधराशे लागतात. दोनदा मागितले, बघतो म्हणाला. मी कधी कधी गोळी एक दिवसाआड घेते. माझ्या मनात पोराबद्दल वाईट येतं. माझं विचारणं एवढंच की असं मनात आणलं म्हणून देव माझ्यावर नाराज होईल का?

उत्तर : नाही मावशी, होणार नाही. नामी बेथलेहेमात परत आली तेव्हा बायकांना म्हणाली मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, सर्वसमर्थाने मला फार क्लेश दिलेत. ती तर थेट देवाविरुद्धच बोलली आणि देवाने तिला एका शब्दाने रागावल्याचं कुठं आलेलं नाही. उलट तिच्या मांडीवर नातू दिला. तुम्ही तर नुसतं मनात आणलंत, आणि जे आणलंत ते खरं आहे.

पुढचं तुमच्या मुलासाठी लिहिते, हा अंक त्यांच्याही घरी जात असणार. मार्कच्या सातव्या अध्यायात येशू परूश्यांवर चिडतो ते यावरच. तेव्हा पद्धत होती, आईबापांना द्यायचं ते "कुर्बान" म्हणजे देवाला वाहिलं असं म्हटलं की मुलगा मोकळा, आणि धर्मगुरू त्याला पाठिंबा द्यायचे. येशू म्हणाला तुम्ही देवाचं वचन रद्द करता. देवाच्या नावाने केलेली देणगी येशूला आवडली नाही असा हा प्रसंग आहे, आणि कारण फक्त आई-बाप. पौल तीमथ्याला लिहितो की विधवा आईला, आजीला मुलानातवांनी सांभाळावं, वडीलधाऱ्यांचे उपकार फेडावेत, कारण हे देवाच्या दृष्टीने मान्य आहे. देवाला काय आवडतं असं विचारत आपण अख्खा अंक भरवतो आणि पौलाने एका ओळीत लिहून ठेवलंय. चार वचनांनंतर तो म्हणतो की घरच्यांची तरतूद न करणारा विश्वास न ठेवणाऱ्याहून वाईट. हे माझे शब्द नाहीत.

आणि सेक्रेटरी आहेत म्हणजे गुड फ्रायडेला येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी एखाद्यावर बोलायची पाळी त्यांच्यावर येतच असेल. तिसरा उद्गार एकदा मागून घ्या. हातापायांत खिळे असताना माणूस आईची सोय लावतोय, योहानाला सांगतोय ही तुझी आई, आणि त्या घटकेपासून योहानाने तिला आपल्या घरी नेलं. जगाचा तारणारा मरता मरता आईच्या राहण्याखाण्याचं बघतो, तर पंधराशे रुपयांचं "बघतो" किती दिवस चालायचं?

मावशी, तुमच्यासाठी. गोळी एक दिवसाआड अजिबात घेऊ नका, त्याने शुगर वरखाली होऊन जिवावर बेतेल. सरकारी दवाखान्यात बीपी-शुगरच्या गोळ्या बहुतेक ठिकाणी फुकट मिळतात, आशाताईंना विचारा, त्या कार्ड काढून देतील. २००७ चा कायदाही आहे, ज्येष्ठांना मुलांकडून महिन्याला दहा हजारांपर्यंत पोटगी मिळते, अर्ज प्रांत ऑफिसला करायचा, वकील लागत नाही. तुम्ही तो करणार नाही हे माहीत आहे मला, पण आहे हे तुम्हाला आणि त्यांना दोघांना माहीत असू द्या. मुलाला तिसऱ्यांदा मागायला लागू नका, गावातल्या पाळकसाहेबांना सांगा की पुण्याच्या पाळकसाहेबांशी बोला, एक लाखाच्या पावतीआधी आईच्या औषधांची व्यवस्था विचारा म्हणावं. तुम्हाला सांगायला जड जात असेल तर मला एक मिस्ड कॉल द्या, मी बोलेन त्यांच्याशी, तुमचं नाव पुढं न करता.